न मागता काय वाढायचं? कर्नेलची डिफॉल्ट निवड, नवख्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेला चौदा जुने कॉम्प्युटर देणगीत मिळाले. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, बहुतेकांत ४ जीबी रॅम, दोन-तीन तर माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांच्या वयाचे. "लिनक्स घालून द्या की सर," एवढाच निरोप होता. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तयार लिनक्स घालून मोकळं व्हायला हवं होतं, पण हौस नडली. चौदाही मशीनना मिळून एकच हलका कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोर्समधून स्वतः बांधला. तीन दिवस झकास चाललं. चौथ्या दिवशी शाळेतून फोन: "पेन ड्राइव्ह उघडेना. फॉरमॅट करू काय?"

त्यावर सहावी-सातवीच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका होत्या.

"हात लावू नका," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूरची बस पकडली. पेन ड्राइव्ह ठणठणीत होता. माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडून घेताना, नेहमीचं मोघम वाक्य येत होतं, फाईल सिस्टीम चुकीची असेल, पर्याय चुकीचा असेल वगैरे. खरं कारण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदवहीत, एका ओळीत लिहिलेलं होतं: आयओ कॅरसेट आयएसओ ८८५९-१ सापडला नाही. म्हणजे फॅट फाईल सिस्टीम (पेन ड्राइव्हवर फाईली मांडायची नेहमीची पद्धत) कर्नेलमध्ये होती, पण फाईलींची नावं वाचायला तिला लागणारा अक्षरांचा तक्ता मीच वगळून टाकला होता.

त्या दिवसापासून कर्नेलमध्ये कोणती गोष्ट आपोआप चालू ठेवायची आणि कोणती नाही, म्हणजेच डिफॉल्ट काय, हे ठरवताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: ज्याला कर्नेलच्या पर्यायांचे मेनू कधीच दिसणार नाहीत त्याचं काय अडेल? पहिल्यांदाच कर्नेल बांधणाऱ्यांसाठी माझी रीत खाली देतोय. आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर आज्ञा इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टाका.

वाय, एम, एन

कर्नेलच्या बहुतेक पर्यायांना तीन उत्तरं असतात. वाय म्हणजे तो कोड कर्नेलच्या मुख्य फाईलीतच बसतो आणि मशीन चालू असेपर्यंत मेमरीत राहतो. एम म्हणजे मॉड्यूल, डिस्कवर पडून राहतं आणि लागेल तेव्हा चढतं. एन म्हणजे बांधलंच नाही. काही पर्यायांना फक्त वाय आणि एन एवढंच असतं.

लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबू कुणी मागायची वाट बघत नाहीत, पानात पडतंच. जिलेबीचं ताट घेऊन वाढपी फिरतो, हवी त्यानं मान हलवायची. आणि काही पदार्थ त्या दिवशी शिजलेलेच नसतात. आजच्या लिनक्सच्या सोर्समध्ये असे पर्याय १०,०००च्या वर आहेत, त्यामुळं प्रत्येक पदार्थ पानात वाढायचा म्हटलं तर पान पुरणार नाही. फक्त मीठ वाढून उठवलं तर पाहुणे परत येणार नाहीत.

डिफॉल्ट नेमकं कुणाचं?

इथं नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "लिनक्सचं डिफॉल्ट काय?" असं विचारलं की मी आधी "कुठलं?" म्हणून उलटं विचारतो. ते निदान तीन ठिकाणी ठरतं.

एक, सोर्समधल्या केकॉन्फिग फाईली. पर्याय लिहिणाऱ्यानंच तिथं डिफॉल्टची ओळ घातलेली असते. ओळ नसली तर उत्तर एन. दोन, प्रत्येक प्रोसेसर-जातीसाठी सोर्ससोबतच येणारी डेफकॉन्फिग (तयार उत्तरांची फाईल), जी मेक डेफकॉन्फिग म्हटल्यावर लागू होते. तीन, तुमच्या डिस्ट्रोची (तयार लिनक्सची) कॉन्फिग, म्हणजे पर्यायांच्या उत्तरांची फाईल. ती लाखो अनोळखी मशीनवर चालायची असते, म्हणून तिच्यात जवळपास सगळंच एम असतं.

ही तिन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. घड्याळाचा ठोका घ्या, म्हणजे एचझेड. कर्नेल सेकंदाला किती वेळा जागा होऊन हिशेब बघतो त्याचा हा आकडा. २.४ च्या काळात साध्या पीसीवर तो १०० होता, २.६ मध्ये १००० केला, २००५ साली २.६.१३ मध्ये २५० वर आणला. केकॉन्फिगमधलं डिफॉल्ट २५०. पण ६४ बिटी पीसीची डेफकॉन्फिग उघडून बघा, तिथं १००० लिहिलेलं सापडेल. दोन्ही "डिफॉल्ट"च. त्यामुळं कुणी आकडा सांगितला की तो कुठल्या फाईलीतला ते विचारायचं.

चौथी एक जागा बांधणीनंतरची आहे. बूटच्या ओळीत (मशीन चालू होताना कर्नेलला दिलेल्या सूचनांत) किंवा सिस्कंट्रोलमधून (चालू कर्नेलची सेटिंग बदलायच्या आज्ञेनं) बदलता येणाऱ्या गोष्टी तिथं येतात. जे तिथून बदलता येतं त्यासाठी कर्नेल पुन्हा बांधत बसू नका.

पायरी १: कोरी पाटी घेऊ नका

ऑलनोकॉन्फिगपासून (शक्य तिथं सगळ्याला एन) सुरुवात करून एकेक पर्याय चालू करत जायचं, म्हणजे कर्नेल खरा समजतो, असं काही पोरांना वाटतं. समजतो, पण त्यात सुट्टी संपते आणि मशीन बूट होत नाही. सध्या नीट चालणाऱ्या कर्नेलची कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये असते, तीच उचला. तिथं नसेल तर प्रॉक फोल्डरमधली कॉन्फिगची जीझिप फाईल बघा. ती सोर्समध्ये डॉट-कॉन्फिग नावानं ठेवा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा. जुनी उत्तरं तशीच राहतात, नव्या प्रश्नांना सोर्समधली डिफॉल्ट उत्तरं लागतात.

बांधणीसाठी जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि एनकर्सेस, ओपनएसएसएल, लिबएल्फ यांची डेव्हलपमेंट पॅकेजं लागतात. यातलं काही राहिलं तर मेक स्वतःच ओरडतं.

डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये दोन गोष्टी लगेच अडवतात. पहिली, विश्वासू किल्ल्यांचा पर्याय, सिस्टीम ट्रस्टेड कीज. त्यात डिस्ट्रोवाल्यांच्या प्रमाणपत्राच्या फाईलीचं नाव असू शकतं, आणि ती फाईल तुमच्याकडं नसते. बांधणी मध्येच थांबते, पीईएम फाईल बनवायचा नियम नाही असं सांगते, आणि पोरं आपला कंपायलर बिघडला म्हणून माझ्याकडं येतात. तो पर्याय रिकामा करा. सोबत रद्द किल्ल्यांचा असेल तर तोही. दुसरी गोष्ट डीबग इन्फो. ती चालू असेल तर बांधणी कितीतरी जीबी डिस्क खाते. कर्नेलच्या आत शिरून चूक शोधायची नसेल तर बंद.

पायरी २: मशीनला विचारा, पण सगळं जोडून

मेक लोकलमॉडकॉन्फिग ही नवख्यांची लाडकी आज्ञा. ती एलएसमॉडची, म्हणजे चढलेल्या मॉड्यूलांची, यादी बघते आणि त्या क्षणी जे मॉड्यूल चढलेलं नाही ते कॉन्फिगमधून काढून टाकते. अर्ध्या दिवसाची बांधणी अर्ध्या तासावर येते. कुणालाही भुरळ पडेल.

माझी चूक इथंच झाली. मी ही आज्ञा दुकानातल्या मशीनवर चालवली तेव्हा पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता. मशीन जुन्या बायोसचं (बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम). त्याच्या नव्या अवताराचं, यूईएफआयचं, असतं तर बूटचं पार्टिशन फॅट असतं आणि तो अक्षरतक्ता आपसूक चढलेला असता. माझ्या यादीत तो नव्हता, म्हणून आज्ञेनं तो उडवला. तिचं काम तिनं चोख केलं.

म्हणून आता असं करतो. प्रत्येक मशीनवर आधी तयार डिस्ट्रो चालू करायची. मग तिथं जे जे कधी लागेल ते सगळं जोडायचं: पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, हेडफोन, प्रोजेक्टर, मोबाईलचं यूएसबी टेदरिंग. पेन ड्राइव्ह नुसता लावून भागत नाही, माउंट करून एक फाईल उघडायची. वायफायला जोडायचं. असेल तर व्हीपीएनही चालू करायचं. मगच एलएसमॉडची यादी फाईलीत उतरवायची. चौदा मशीनच्या चौदा याद्या एकापुढं एक जोडून एकच फाईल करायची आणि आज्ञा देताना एलएसमॉड या चलात (हे नाव मात्र मोठ्या इंग्रजी अक्षरांत) तिचा पत्ता द्यायचा. याउप्पर काही सुटलंच तर एलएमसी-कीप (हेही मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर) नावाचं चल आहे. त्यात ड्रायव्हर्समधला यूएसबीचा फोल्डर, फाईल सिस्टीमचा फोल्डर असं लिहिलं की त्या फोल्डरांना कात्री लागत नाही. मी हे दोन्ही फोल्डर कायम लिहितो.

पायरी ३: कशाला वाय, कशाला एम

रूट (मुख्य) फाईल सिस्टीमपर्यंत पोचायला जे जे लागतं ते एक तर वाय हवं, नाही तर इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाईल सिस्टीममध्ये हवं. डिस्कचं मॉड्यूल डिस्कवरच ठेवलं, तर किल्ली कुलपाच्या आत राहिल्यासारखं होतं. मशीन मध्येच थांबतं आणि रूट माउंट करता आलं नाही, अननोन ब्लॉक शून्य-शून्य, असं सांगून गप्प बसतं.

शाळेच्या मशीनवर मी आणखी एक शहाणपण शिकलो. साटा डिस्कसाठी एएचसीआयचा ड्रायव्हर वाय केला होता, डिस्कवरची फाईल सिस्टीम एक्सटी४ वाय केली होती. दोन महिन्यांनी एक मशीन बूट होईना. बायोसमध्ये शिरलो तर तारीख कधीकाळची. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. बायोस आपल्या मूळ सेटिंगवर गेला आणि त्यात डिस्क जुन्या आयडीई पद्धतीवर होती. त्या मशीनवर आयडीई पद्धतीला एटीए-पिक्स ड्रायव्हर लागतो, तो मी "कोण वापरतंय आता" म्हणून एन केलेला. बॅटरी बदलली, आणि पुढच्या बांधणीत दोन्ही ड्रायव्हर वाय. मशीन दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर बायोस मूळ पदावर गेल्यावरही ते उभं राहिलं पाहिजे.

यूएसबी कीबोर्डही वाय ठेवा. बूट अडकल्यावर टाईप करता आलं नाही तर नुसतं बघत बसावं लागतं.

बाकी बहुतेक एम. हार्डवेअरचा ड्रायव्हर एम असला आणि ते हार्डवेअर नसलं, तर डिस्कवरच्या थोड्या जागेपलीकडं काही जात नाही. मग सगळंच एम का नको? कारण काही मॉड्यूल हार्डवेअर न जोडताही चढतात. डीसीसीपी नावाचा एक नेटवर्क प्रोटोकॉल आहे. तुम्ही वापरला नसेल, मीही नाही. पण अनेक डिस्ट्रोंमध्ये तो एम होता, आणि कुणाही साध्या युझरनं त्या जातीचं सॉकेट (नेटवर्कची जोडणी) मागितलं की कर्नेल मॉड्यूल आपोआप चढवायचा. २००५ साली शिरलेली एक चूक त्याच्यात २०१७ पर्यंत पडून होती. तिच्या आधारानं साधा युझर रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. बारा वर्षं अनेकांच्या मशीनवर कुणी न मागितलेला पदार्थ ठेवलेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून हार्डवेअरच्या बाबतीत मी सैल हातानं एम देतो. अनोळखी प्रोटोकॉल, जुन्या फाईल सिस्टीम, सुसंगतीसाठी ठेवलेले जुने मार्ग यांच्या बाबतीत मात्र हात आखडता. "कोण वापरतं?" याला नाव घेऊन उत्तर देता आलं नाही तर एन.

प्रश्नचिन्हांची गोष्ट

आता शाळेकडं परत येऊ. अक्षरतक्ता घालून नवा कर्नेल चढवला, पेन ड्राइव्ह माउंट झाला. गुरुजींना म्हटलं बघा. फाईलींची यादी उघडली, तर त्यात "सहावी गणित घटक चाचणी"च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. शब्दांमधली मोकळी जागा शाबूत, शेवटचं एक्स्टेन्शन शाबूत, मधली सगळी अक्षरं गायब. गुरुजी म्हणाले, "प्रश्नपत्रिकाच आहे, खरंय."

हा प्रकार समजून घ्या, कारण डिफॉल्ट म्हणजे काय हे यापेक्षा नीट मला कुठं दिसलं नाही. फॅटवर लांब नावं युनिकोडमध्येच साठवलेली असतात, म्हणजे पेन ड्राइव्हवर मराठी अक्षरं जशीच्या तशी होती. ती वर युझरला दाखवताना कर्नेल एका अक्षरसंचात बदलतो, आणि सोर्समधलं त्याचं डिफॉल्ट आहे आयएसओ ८८५९-१. हा पश्चिम युरोपच्या भाषांचा संच. त्यात बसत नाही त्या प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. त्याच पेन ड्राइव्हवर दुसऱ्या एका गुरुजींच्या कन्नड नावांच्या फाईली होत्या, त्यांचीही तीच गत. मराठी आणि कन्नड दोघांना सारखीच वागणूक मिळालेली आमच्या सीमाभागात मी प्रथमच पाहिली.

इलाज सोपा आहे. फॅट डिफॉल्ट यूटीएफ-८ नावाचा पर्याय आहे (यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिपी सामावणारी युनिकोडची पद्धत). सोर्समध्ये त्याचं उत्तर एन. ते वाय केलं की प्रत्येक फॅट माउंटला यूटीएफ-८ आपोआप लागतं, आणि कुणाला नको असेल तर माउंट करताना यूटीएफ८ बरोबर शून्य लिहून टाळता येतं. अक्षरसंचाच्या जागी थेट यूटीएफ-८ लिहायचा मोह होतो, तो आवरा. त्यानं फॅटवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, आणि कर्नेल स्वतःच तसं करू नका म्हणून बजावतो. आयएसओचा तक्ता आणि कोडपेज ४३७ (फॅटच्या आखूड नावांचा तक्ता) हे दोन्हीही ठेवावेच लागतात. सोर्समधली डिफॉल्टं तशीच असतील तर यूटीएफ-८ चालू असूनही माउंटच्या वेळी कर्नेल ते मागतो.

मग हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण डेस्कटॉपवरून पेन ड्राइव्ह लावला की माउंट करणारा प्रोग्रामच यूटीएफ-८ जोडून देतो. काही डिस्ट्रो आपल्या कॉन्फिगमध्येही वाय करून देतात. मी हलकं राहावं म्हणून तो प्रोग्राम काढून साधी माउंटची आज्ञा स्क्रिप्टमधून चालवत होतो. मग कर्नेलचं मूळ डिफॉल्ट उघडं पडलं.

आणि ते मूळ डिफॉल्ट अजून एन का? ज्यांच्या मशीनवर वर्षानुवर्षं जुन्या अक्षरसंचात कामं चाललीत, त्यांची नावं एका नव्या कर्नेलनं बिघडू नयेत म्हणून. वापरणाऱ्याचं चालू काम मोडायचं नाही हा कर्नेलवाल्यांचा कडक नियम आहे. ते त्यांच्या जागी बरोबर. पण मी खानापूरच्या शाळेसाठी बांधतोय, माझ्या पंगतीत यूटीएफ-८ हे मीठ आहे.

(टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, ग्राफिक्स नसताना, देवनागरी तरीही नीट दिसणार नाही. त्या कन्सोलला ५१२ पलीकडं अक्षराकृती ठेवता येत नाहीत आणि जोडाक्षरं जोडता येत नाहीत. तिथं कुठलाही पर्याय वाय करून उपयोग नाही.)

सुरक्षेच्या गोष्टी

इथं फार बोलत नाही. स्टॅक प्रोटेक्टर, कर्नेलच्या कोडवर लिहायला बंदी, बूटच्या वेळी कर्नेलची जागा बदलत ठेवणारा केएएसएलआर, हे सगळं वाय आहे तसं राहू द्या. केएएसएलआर आधी ऐच्छिक होता. पीसीवर तो ४.१२ पासून, म्हणजे २०१७ मध्ये, डिफॉल्ट झाला. पर्याय आधी बंद अवस्थेत येतो, काही वर्षं वापरात मुरतो, मग वाय होतो, ही त्याची नेहमीची चाल.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले. त्यांचे इलाज डिफॉल्ट चालू असतात आणि काही कामांत वेग कमी करतात. "मिटिगेशन्स ऑफ लिहा, मशीन पळेल" हा सल्ला पोरांना हमखास मिळतो. ज्या मशीनवर मुलं ब्राउझरमध्ये वाट्टेल ते उघडतात तिथं ते करायचं नाही. जाळ्याला न जोडलेलं, एकच प्रोग्राम चालवणारं यंत्र असेल तर विचार करता येईल, आणि तेही बूटच्या ओळीतून, कॉन्फिगमधून नको.

उद्यमबागचं डिफॉल्ट वेगळं

बेळगाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव. उद्यमबागमध्ये शेडबाहेर उभं राहिलं तरी लेथचा आवाज येतो. तिथल्या एका ओळखीच्यांनी जुन्या मिलिंग मशीनला पीसी जोडून लिनक्ससीएनसी (मशीनच्या मोटर चालवणारा प्रोग्राम) बसवलं, तेव्हा माझा शाळेचा कर्नेल त्यांना दिला असता तर जॉब वाया गेला असता. मोटरला पल्स वेळेवर गेलीच पाहिजे. सरासरी वेग कितीही असो, एखादी पल्स उशिरा गेली तर धातूवर ओरखडा उमटतो.

अशा कामाला प्रीएम्प्ट-आरटी लागतं. कर्नेल स्वतःच्या बहुतेक कामातूनही बाजूला होऊन तातडीच्या कामाला जागा देतो. वीसेक वर्षं हे वेगळे पॅच म्हणून लावावं लागायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून ते मूळ सोर्समध्येच निवडता येतं. मग ते सगळ्यांनाच डिफॉल्ट का नाही? कारण वेळ पाळण्यासाठी एकूण कामाचा वेग थोडा सोडावा लागतो. फाईल सर्व्हरला तो सौदा परवडत नाही, मिलिंगला परवडतो.

साध्या डेस्कटॉपसाठी प्रीएम्प्ट-डायनॅमिक चालू ठेवा. ५.१२ पासून आहे. मग किती लवचीक राहायचं ते बूटच्या ओळीत ठरवता येतं. ४ जीबीच्या मशीनना झेडरॅम (मेमरीतला मजकूर मेमरीतच दाबून ठेवणारा पर्याय) एम आणि डिस्ट्रोकडून चालू, एवढं पुरतं. मुलांनी चार टॅब जास्त उघडले तरी डिस्क खडखडत नाही.

स्वतःचा ड्रायव्हर लिहिलात तर

माझ्याकडं येणारा चिक्कोडीकडचा एक पोरगा गुऱ्हाळावर गुळाची ढेप तोलायचा काटा बनवत होता. लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि एका चिपसाठी स्वतः ड्रायव्हर लिहिला, केकॉन्फिगमध्ये नोंद केली आणि खाली डिफॉल्ट वाय.

"वाय का?" विचारलं.

"चांगला चालतोय की सर. सगळ्यांना मिळू दे."

"तुझा काटा किती जणांकडं आहे?"

"सध्या... एकच."

"मग बाकीच्यांच्या कर्नेलमध्ये तो काय तोलणार?"

ही चूक जुन्या-जाणत्यांकडूनही होते. आपण घाम गाळून लिहिलेलं फीचर सगळ्यांना आपोआप मिळावं असं कुणालाही वाटतं, आणि याच कारणावरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भल्याभल्यांना झापलं आहे. केकॉन्फिगच्या कागदपत्रात डिफॉल्ट वाय कधी चालतं ते लिहिलंय. आजवर नेहमी बांधलं जाणारं काहीतरी आता पर्याय म्हणून वेगळं काढलंत, तर वाय, म्हणजे कुणाचं काही हरवत नाही. नुसता दरवाजा असलेला पर्याय, ज्याचा स्वतःचा कोड नाही पण ज्यामागं बाकीचे प्रश्न दिसतात, तो वाय. मुळात एन असलेल्या ड्रायव्हरच्या आतला बारीक पर्याय वाय असला तरी चालतो. आणि नेटवर्क किंवा डिस्कचा आधार यांच्यासारखं, जे प्रत्येक जण गृहीत धरतो ते. बाकी सगळ्यासाठी डिफॉल्टची ओळच लिहायची नाही.

त्या पोराला मग दाखवलं की एचएक्स७११ नावाच्या लोडसेलच्या प्रसिद्ध चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून आहे. त्याची नोंद उघडली: वाय-एम-एन तिन्ही चालणारा पर्याय, जीपीआयओवर (चिपच्या साध्या पिना हाताळणाऱ्या कोडवर) अवलंबून, मदतीच्या काही ओळी. "एवढंच?" म्हणाला. एवढंच.

आणखी एक. डिपेंड्स-ऑन आणि सिलेक्ट यांत गल्लत करू नका. डिपेंड्स-ऑन म्हणजे ते असेल तरच मी दिसेन. सिलेक्ट म्हणजे मी आलो की त्याला ओढून आणेन, आणि ओढताना त्याच्या स्वतःच्या अटी बघितल्याच जात नाहीत. बिनअटीच्या छोट्या मदतनीस कोडसाठीच सिलेक्ट ठेवा.

चढवताना

बांधणी झाली की मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल (मध्ये अंडरस्कोअर), मग मेक इन्स्टॉल. जुना कर्नेल काढू नका. मशीन लांब असेल, खानापूरला किंवा निपाणीला, तर ग्रबमध्ये (कर्नेल निवडून बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) डिफॉल्ट सेव्ह्ड ठेवा आणि नवा कर्नेल ग्रब-रिबूटनं फक्त एका वेळेसाठी निवडा. सोबत बूटच्या ओळीत पॅनिक बरोबर १०. मूळ डिफॉल्ट शून्य आहे, म्हणजे कर्नेल कोसळला तर कुणी बटण दाबेपर्यंत तसाच पडून राहतो. १० दिलं तर दहा सेकंदांनी मशीन स्वतः रिबूट होऊन जुन्या कर्नेलवर परत येतं आणि तुमचं बसभाडं वाचतं.

पुढच्या आवृत्तीवर जाताना थेट ओल्डडेफकॉन्फिग मारू नका. आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिगनं नवे प्रश्न काय आलेत ते वाचा. मग जुनी आणि नवी फाईल डिफकॉन्फिग स्क्रिप्टमधून काढून समोरासमोर बघा. मेक सेव्हडेफकॉन्फिगनं तुमच्या निवडीची लहानशी फाईल निघते, मूळ डिफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच त्यात असतं. ती गिटमध्ये (फाईलींचे बदल जपणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवा, आणि शेजारी साध्या मराठीत कारणं लिहिलेली एक फाईल ठेवा. शाळेच्या कर्नेलची माझी अशी आहे:

फॅट डिफॉल्ट यूटीएफ-८: वाय. प्रश्नपत्रिका.

एटीए-पिक्स: वाय. बॅटरी संपली की बायोस आयडीईवर जातो.

डीसीसीपी: एन. कोण वापरतं?

पॅरलल पोर्टचा प्रिंटर: आधी एन, आता एम. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, शाळा सोडल्याचे दाखले अजून डॉट मॅट्रिक्सवरच निघतात.